चुकलेला पासवर्ड लॉगमध्ये लिहिला तर बिघडलं कुठे?

उंबरठा
नमस्कार मंडळी. चार महिन्यांपासून रोज रात्री तासभर पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतेय. पेशा हिशेबाचा, वय विचारू नका. व्हेरिएबल, जर-तर, लूप, फंक्शन, फाइल वाचणं-लिहिणं इथवर गाडी आली आहे. सरावासाठी लॉगिनचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. काय घडलं ते तो लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलीत, लिहितो. पायथॉन न येणाऱ्यांनाही मत देता यावं म्हणून मराठीत उतरवून देते:

आत_सोडू = हो
प्रयत्न करून पाहा:
— यादी = "गुपित" फाइल वाच
— जर नाव यादीत नाही: दाखव "असं कुणी नाही"; आत_सोडू = नाही
— नाहीतर, जर यादीतला पासवर्ड वेगळा: दाखव "पासवर्ड चुकला"; आत_सोडू = नाही
गडबड झाली तर: लॉगमध्ये लिही "काहीतरी गडबड"
लॉगमध्ये लिही: वेळ, नाव, पासवर्ड, आत_सोडू
जर आत_सोडू: दाखव "या, बसा"

ऑफिसातल्या एका मुलाला दाखवला. शेवटून दुसरी ओळ पाहून त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, पासवर्ड कधीही लॉगमध्ये लिहायचा नाही. का, ते मात्र धड सांगेना. मान्य, बरोबर पासवर्ड लिहू नये. पण चुकलेला लिहिला तर बिघडलं कुठे? ज्या किल्लीने कुलूप उघडत नाही तिचं गुपित कसलं? उलट मला त्याचा उपयोगच झाला. लॉग पाहिला तेव्हा कळलं की कॅप्सलॉक चालू होतं.

जाता जाता दुसरी शंका. लॉग आणि लॉगिन हे एकाच घरातले शब्द आहेत, की नुसतं आडनाव सारखं?

निनावी_वापरकर्ता
"ज्या किल्लीने कुलूप उघडत नाही तिचं गुपित कसलं" हे वाक्य लॉग करून ठेवलं आहे.

सुईदोरा
माझं पोटच दुसऱ्यांच्या लॉगिनमध्ये भोकं शोधण्यावर चालतं (रीतसर परवानगीने, घाबरू नका). तर ऐका.

चुकलेला पासवर्ड हवेतून येत नाही. टाइप करणाऱ्याचं बोट घसरलेलं असतं, म्हणजे खऱ्या पासवर्डात एक अक्षर इकडचं तिकडे. किंवा कॅप्सलॉक, जे तुमच्या बाबतीत झालं. किंवा मागच्या महिन्यापर्यंत चालत असलेला जुना. नाहीतर सरळ दुसऱ्याच साइटचा. तुमच्या लॉगमध्ये एखाद्याचे तीन चुकलेले प्रयत्न आणि चौथा बरोबर असं दिसलं, तर त्या तीन ओळींवरून चौथा काय असेल ते मी हातातलं काम संपायच्या आत सांगेन. तुम्ही म्हणता ती न लागणारी किल्ली बहुतेक वेळा त्याच माणसाच्या दुसऱ्या कुलपाची असते.

तुम्हाला कॅप्सलॉक कळलं ते कशावरून? लॉगमध्ये सगळी अक्षरं मोठ्या लिपीत दिसली म्हणून. म्हणजे तुम्ही लॉग वाचून खरा पासवर्ड ओळखलात. हल्लेखोराने वेगळं काय केलं असतं?

उंबरठा
शेवटच्या परिच्छेदाने वर्मावर बोट ठेवलंत. मी ते "डीबगिंग", म्हणजे प्रोग्रामातली चूक शोधणं, समजत होते.

जुनं_खोड
शब्दाचं मी घेतो. लॉग म्हणजे ओंडका, अगदी शब्दशः. जहाजाचा वेग मोजायला खलाशी लाकडाचा तुकडा दोरीला बांधून मागे पाण्यात सोडत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून किती गाठी सरकल्या ते मोजायचं. जहाजाचा वेग आजही 'नॉट' म्हणजे गाठींमध्ये सांगतात तो त्यामुळे. हे आकडे ज्या वहीत उतरवायचे ती लॉगबुक. पुढे त्या वहीत वारा, दिशा, आजारी खलाशी, सगळंच येऊ लागलं आणि लॉग म्हणजे वेळेनुसार केलेली नोंद असा अर्थ रुळला. बऱ्याच जणांनी वापरायच्या संगणकावर 'मी आलो' अशी नोंद करून आत जायचं, ते लॉगिन. तेव्हा हो, एकाच घरातले. लॉगिन ही मुळात लॉगमधली एक ओळच.

संगणकाच्या इतिहासातलं गाजलेलं लॉगबुकचं पानही असंच. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड मार्क २ या यंत्राच्या रिलेमध्ये (विजेवर चालणाऱ्या खटक्यात) पतंग, म्हणजे उडणारा किडा, सापडला, तो त्यांनी चिकटपट्टीने वहीत डकवला आणि खाली 'प्रत्यक्ष बग सापडल्याची पहिलीच वेळ' अशा अर्थाचं लिहिलं. बग म्हणजे किडा, पण हा शब्द त्याआधीही यंत्रांतल्या दोषांना वापरत होते, विनोद तिथेच आहे. पण मला त्या पानातलं आवडतं ते वेगळंच. वेळ लिहिली आहे, यंत्राचा कोणता भाग ते लिहिलं आहे आणि पुरावा सोबत जोडला आहे. उंबरठाताई, तुमचं "काहीतरी गडबड" याच्या शेजारी ठेवून पाहा.

निनावी_वापरकर्ता
ओंडक्यावरचं व्याख्यान जुन्या खोडाकडून. याहून अधिकृत स्रोत मिळणार नाही.

शंकासुर
सुईदोरा यांचं पटलं. पण मग अर्ध्यावर का थांबता? नाव तरी का लिहायचं? मी स्वतः आठवड्यातून एकदा तरी घाईत नावाच्या चौकटीत पासवर्ड टाइप करतो. नाव सवयीने आपोआप भरलेलं असेल असं समजून बोटं सुरू होतात. लॉगमध्ये ओळ जाणार: 'अनोळखी वापरकर्ता: अमुकतमुक'. तो अमुकतमुक माझा पासवर्ड आहे. आणि पुढच्याच ओळीत, चार सेकंदांनी, माझं खरं नाव आणि 'यशस्वी'. म्हणजे पासवर्डचा रकाना काढूनही पासवर्ड लॉगमध्ये आलाच की.

रात्रपाळी
नाव काढून टाकलं तर मी रात्री दोनला उठून काय पाहू? एकाच नावावर दहा मिनिटांत हजार प्रयत्न की हजार नावांवर एकेक प्रयत्न, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात कुणीतरी एका माणसाच्या मागे लागलंय. दुसऱ्यात कुठून तरी फुटलेली यादी घेऊन एकेक किल्ली लावून पाहताहेत. नाव नसलेला लॉग म्हणजे 'कुणीतरी कधीतरी काहीतरी केलं'.

जुनं_खोड
शंकासुर म्हणतात तो धोका जुना आहे. लिनक्स या संगणकप्रणालीत लॉगिनचे नियम ज्या फाइलीत असतात तिच्यात याचीच स्वतंत्र सेटिंग आहे: अनोळखी नावं नोंदवायची की नाहीत. शेजारी इशाराही छापलेला आहे की माणसं नावाच्या जागी पासवर्ड टाइप करतात, सांभाळा. फसलेल्या लॉगिनच्या नोंदी ज्या फाइलीत जमतात ती सर्वांना वाचायला उघडी ठेवत नाहीत, तेही याचसाठी. दुसरीकडे दूरच्या संगणकात लॉगिन करून देणारं एसएसएच मात्र अनोळखी नाव बिनदिक्कत लॉगमध्ये उतरवतं. तेव्हा थोरामोठ्यांतही एकमत नाही.

माझी पद्धत: नाव यादीत असेल तर नाव लिही. नसेल तर फक्त 'अनोळखी' आणि कुठून आला तो पत्ता.

सुईदोरा
खोडकाका, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. हल्लेखोर 'ॲडमिन', 'रूट', 'टेस्ट' असली नावं मारून पाहतो. ती तुमच्या यादीत नसतात, पण कोणती मारतोय यावरून तो कोण आहे, कोणतं हत्यार वापरतोय हे कळतं. 'अनोळखी' लिहून तुम्ही तीच खूण पुसताय. मी ती ठेवेन, मात्र वेगळ्या फाइलीत. ती वाचायची मुभा मोजक्यांना, आणि थोड्या दिवसांनी फाइल आपोआप नष्ट.

जुनं_खोड
वेगळी फाइल, मोजक्यांना मुभा, थोड्या दिवसांनी नष्ट. पस्तीस वर्षांत या तिन्ही गोष्टी ठरल्याप्रमाणे झालेल्या मी एकदाही पाहिल्या नाहीत. तिसरी तर कधीच नाही.

अर्धविराम
तुम्ही सगळे शेवटून दुसऱ्या ओळीवर भांडताय आणि पहिली कुणी वाचलीच नाही! उंबरठा, एक प्रयोग करा. 'गुपित' फाइलीचं नाव बदलून 'गुपित२' करा आणि मग वाटेल ते नाव, वाटेल तो पासवर्ड देऊन पाहा.

उंबरठा
अरे देवा.

नाव "कखग", पासवर्ड "१". उत्तर: "या, बसा".

पुन्हा करून पाहिलं. नावही रिकामं, पासवर्डही रिकामा. "या, बसा".

निनावी_वापरकर्ता
आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. आणि दळण संपल्यावर लॉगमध्ये "काहीतरी गडबड".

अर्धविराम
आता का झालं ते. आत_सोडू हे व्हेरिएबल सुरुवातीलाच 'हो' केलंत. ते 'नाही' व्हायचे दोनच रस्ते, आणि दोन्ही फाइल वाचून झाल्यानंतरचे. फाइलच सापडली नाही की पायथॉन 'प्रयत्न करून पाहा'मधून उडी मारून थेट 'गडबड झाली तर'मध्ये जातो. मधल्या दोन्ही अटी तो पाहतच नाही. तिथे तुम्ही लॉग लिहून पुढे सरकलात. 'हो' तसाच शिल्लक.

उलट करा. सुरुवात 'नाही'ने. 'हो' होण्याचा रस्ता एकच ठेवा: नाव सापडलं आणि पासवर्ड जुळला. बाकी काहीही झालं, वीज गेली, फाइल फाटली, तरी दार बंद.

ही नवशिक्यांची चूक आहे असं वाटून वाईट वाटून घेऊ नका. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलने घाईघाईने आयफोनची दुरुस्ती काढली होती ती याच कुळीची. सुरक्षित जोडणी करताना समोरचा सर्व्हर खरा आहे का हे तपासणाऱ्या फंक्शनमध्ये 'अपयश झालं, शेवटाकडे जा' ही ओळ चुकून दोनदा आली होती. पहिली अटीच्या आत, दुसरी बिनअटीची. त्यामुळे खरी सही तपासायच्या आधीच प्रोग्राम प्रत्येक वेळी शेवटाकडे उडी मारायचा. आणि निकालाच्या व्हेरिएबलमध्ये तोवर काय होतं? आधीच्या पायरीचं 'सगळं ठीक'. ओळीचं नाव 'अपयश', निकाल 'ठीक'.

शंकासुर
म्हणजे जगातल्या मोठ्यात मोठ्या कंपनीत जर-तर चुकतं. मला फार बरं वाटलं.

अर्धविराम
मग अजून एक घ्या. सी भाषेत एक बरोबरचं चिन्ह म्हणजे 'ठेव' आणि दोन म्हणजे 'सारखं आहे का?'. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या एका प्रतीत कुणीतरी दोन ओळी घुसवल्या. दिसायला ती साधी तपासणी: वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का? पण चिन्ह एकच होतं. म्हणजे शून्य आहे का असं विचारण्याऐवजी शून्य करून टाकला. युनिक्समध्ये आणि तिच्या वळणाच्या लिनक्समध्ये शून्य क्रमांक म्हणजे रूट, सर्वाधिकारी. वर आणखी खुबी अशी की 'ठेव'चं उत्तर शून्य, शून्य म्हणजे खोटं, म्हणून अट फसते आणि त्यातली एररची ओळ चालतच नाही. आवाज नाही, काही नाही, आणि माणूस राजा. एवढी सफाई पाहता ती चूक नव्हती, मुद्दाम केलेला उद्योग होता. करणारा कोण ते बाहेर आलं नाही.

पायथॉनमध्ये जरच्या अटीत एकेरी चिन्ह लिहिलं तर प्रोग्राम सुरूच होत नाही, तेव्हा उंबरठा या एका बाबतीत सुखरूप आहेत.

जुनं_खोड
आणि तो उद्योग पकडला गेला कशाने? नोंदीने. मूळ साठ्यातून प्रत काढली जायची. प्रतीत तो बदल होता, मूळ साठ्यात मात्र असा बदल कुणी केल्याची नोंदच नव्हती. दोन वह्या जुळेनात. हिशेबाच्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

उंबरठा
हे मात्र एका फटक्यात समजलं :)

हलन्त
वाचनमात्र होतो, राहवलं नाही म्हणून लिहितो. मी पासवर्ड मराठीत ठेवतो. मराठीत ठेवला तर कुणी ओळखणार नाही असा हिशेब. पण एका ठिकाणी संगणकावरून चालतो आणि फोनवरून चालत नाही. अक्षर न् अक्षर तेच टाइप करतो. पासवर्डात 'दुसऱ्या' हा शब्द आहे (होता, आता बदलेन). ही कसली करणी?

अर्धविराम
वा! या धाग्यावरचा सर्वांत चांगला प्रश्न, आणि धाग्याशी संबंध नाही.

करणी 'ऱ्या'ची आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, तो र लिहायच्या अनेक वाटा आहेत. एक: थेट तयार 'ऱ' हे एकच चिन्ह, मग हलन्त, मग य. दोन: साधा 'र' आणि त्याला खालचा नुक्ता, मग हलन्त, मग य. तीन: साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. जुने कीबोर्ड ही तिसरी वाट घ्यायचे. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी तीन वेगळे शब्द, म्हणून तीन वेगळे पासवर्ड.

पहिल्या दोन वाटा एकरूप करायला युनिकोडचं 'नॉर्मलायझेशन' आहे. पायथॉनमध्ये ते एका फंक्शनचं काम. तिसरी त्याने सुटत नाही, कारण न दिसणारं चिन्ह ते तसंच ठेवतं.

लांबीचीही गंमत बघा. 'पासवर्ड' या शब्दात आपल्याला अक्षरं दिसतात चार. पायथॉन मोजतो सात, कारण काना, हलन्त वेगळे धरतो. आणि साठवताना यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येकाला तीन याप्रमाणे २१ बाइट लागतात. बीक्रिप्ट नावाची पासवर्डची पद्धत पहिले ७२ बाइटच बघते. म्हणजे देवनागरीची अशी २४ चिन्हं झाली की पुढचं सगळं वाया. लांबलचक अभंग पासवर्ड म्हणून ठेवलात तरी फार तर पहिली ओळ बघेल.

निनावी_वापरकर्ता
"किमान आठ अक्षरं हवीत" या साइटवर 'पासवर्ड' हा पासवर्ड नाकारला गेला आणि मी एका काना-मात्रेने वाचलो असं समजायचं का?

शंकासुर
बीक्रिप्ट काय प्रकार? उंबरठाबाईंच्या 'गुपित' फाइलीत पासवर्ड तसेच्या तसे आहेत ना? ते चालतं का?

सुईदोरा
अजिबात नाही. मी लॉगच्या नादात तिकडे गेलेच नाही.

जुनं_खोड
हा किस्सा सांगायलाच हवा. संगणकावर पासवर्ड आले ते साधारण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सीटीएसएस या यंत्रणेत. एकच यंत्र, वापरणारे अनेक, म्हणून प्रत्येकाला आपापला पासवर्ड. यादी तशीच्या तशी एका फाइलीत, उंबरठाताईंसारखी. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला संगणकाचा वेळ पुरेना. त्याने ती फाइल छापून घ्यायची विनंती सरळ पंचकार्डावर (यंत्राला वाचता येणाऱ्या, भोकं पाडलेल्या कार्डावर) दिली. यंत्राने छापून दिली. पासवर्डचा इतिहास आणि पासवर्डचोरीचा इतिहास जवळपास एकाच वयाचे.

१९६६ मध्ये त्याहून भारी झालं. लॉगिन केल्यावर सर्वांना 'आजची सूचना' दिसायची. एके दिवशी सूचनेच्या जागी सगळ्यांचे सगळे पासवर्ड दिसू लागले. कारण शिकणाऱ्यांनी नीट ऐकावं. एडिटर, म्हणजे फाइलीतला मजकूर बदलायचा प्रोग्राम, आपली तात्पुरती फाइल नेहमी एकाच ठरलेल्या नावाने करायचा. एका जागी एका वेळी एकच माणूस काम करणार असं लिहिणाऱ्याने गृहीत धरलं होतं. त्या दिवशी दोघांनी केलं. एक सूचना सुधारत होता, दुसरा पासवर्डची यादी. तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली.

रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये युनिक्सच्या अनुभवावर लिहिलं त्यातही हा किस्सा आहे. त्यांचा मार्ग असा: पासवर्ड साठवायचाच नाही. त्याचा असा चुरा करून ठेवायचा की चुऱ्यावरून मूळ ओळखता येऊ नये. लॉगिनच्या वेळी दिलेल्या पासवर्डचा तसाच चुरा करायचा आणि दोन चुरे ताडून पाहायचे. हाच हॅश. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी चुरा वेगळा यावा म्हणून प्रत्येकाच्या पासवर्डात आधी थोडी यादृच्छिक भर घालायची, ते सॉल्ट. त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डपैकी ८६ टक्के सहज ओळखता येण्यासारखे निघाले. म्हणून हा चुरा मुद्दाम सावकाश होईल असा करतात, म्हणजे अंदाज मारणाऱ्याचा दम निघावा. बीक्रिप्ट १९९९ चं. २०१५ मध्ये यासाठीच भरवलेली स्पर्धा अर्गॉन२ ने जिंकली. नवीन काम असेल तर ते घ्या. घरी स्वतःची पद्धत शोधू नका.

उंबरठा
मग हॅश केल्यावर लॉगचा प्रश्नच मिटला ना? फाइलीतही हॅश, सगळीकडे हॅश.

सुईदोरा
नाही! उलट तिथेच मोठमोठे घसरतात. हॅश करण्याआधी तुमच्या फंक्शनच्या हातात पासवर्ड उघडाच असतो. त्या क्षणी एखादी लॉगची ओळ 'आलेलं सगळं उतरव' म्हणाली की संपलं. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं, ते यासाठीच. साठवताना हॅश व्यवस्थित, पण त्याआधीच पासवर्ड आतल्या लॉगमध्ये लिहिले जात होते. त्याच सुमारास कोड ठेवायच्या गिटहब या साइटनेही आपल्याकडे असंच सापडल्याचं काही वापरकर्त्यांना कळवलं. तिजोरी पोलादी आणि आकडा भिंतीवर लिहिलेला.

मी नव्या लोकांना एवढंच सांगते: लॉगमध्ये काय घडलं ते लिहा, काय दिलं गेलं ते लिहू नका. 'पासवर्ड जुळला नाही' हे घडलं. पासवर्ड काय होता हे दिलं गेलं.

आणि आणखी एक. तुमच्या प्रोग्रामला मी नाव म्हणून 'कखग' देईन, मग नवी ओळ, मग '१०:४२, व्यवस्थापक, यशस्वी'. तुमच्या लॉगमध्ये दोन ओळी दिसतील, दुसरी शुद्ध खोटी. बाहेरून आलेला मजकूर लॉगमध्ये जसाच्या तसा ओतायचा नाही. नव्या ओळीसारखी चिन्हं आधी निकामी करायची. लॉग ही नुसती वही आहे, ती काय करणार असं वाटतं ना? डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा भाषेच्या लॉगिंग लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) उलट सिद्ध झालं. लॉगमध्ये ठरावीक घाटाचा मजकूर आला की लायब्ररी तो नुसता लिहायची नाही. त्यातला पत्ता वाचून तिथून कोड आणून चालवायची. माइनक्राफ्ट खेळात तर गप्पांच्या चौकटीत एक ओळ टाइप करून सर्व्हर ताब्यात घेता येत होता. धोक्याच्या मापात त्याला १० पैकी १० मिळाले.

रात्रपाळी
तो आठवडा मी विसरलेलो नाही. आमच्याकडे लॉग४जे कुठे कुठे आहे याची यादीच नव्हती.

माझा स्वतःचा घोळही सांगून टाकतो. जुनी नोकरी, नाव कशाला. एक बग सापडेना म्हणून लॉग लेव्हल, म्हणजे किती बारीकसारीक नोंदवायचं ते, 'डीबग'वर नेली, म्हणजे सगळंच. बग सापडला, मी खुश, लेव्हल परत खाली आणायची राहिली. अकरा दिवसांनी डिस्क भरली. डिस्क भरल्यावर लॉगिनची सेशन (कोण आत आहे याची नोंद) लिहायला जागा नाही, म्हणून कुणालाच आत येता येईना. मलाही. आणि का येता येत नाही हे लॉगमध्ये दिसेना, कारण लॉग लिहायला जागा नाही! अखेर एकाने सर्व्हरच्या खोलीत जाऊन थेट कन्सोलवरून फाइल उडवली.

तेव्हापासून लॉगची फाइल ठरावीक आकाराची झाली की ती बाजूला सारून नवी सुरू करायची आणि जुन्या उडवायच्या, ही व्यवस्था आधी, कोड नंतर.

उंबरठा
लेव्हलवरून आठवलं. प्रिंट सोडून पायथॉनचं लॉगिंग वापरायला घेतलं. 'इन्फो' म्हणून लिहिलेलं काहीच दिसत नाही. 'वॉर्निंग' दिसतं. माझं काय चुकतंय?

अर्धविराम
काही नाही. पायथॉनमध्ये काही न सांगितल्यास वॉर्निंग आणि त्यावरचंच दिसतं. सुरुवातीला एकदा लेव्हल 'इन्फो' ठरवून द्या. आकडे लक्षात ठेवा: डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. जितका मोठा आकडा तितकं गंभीर.

जुनं_खोड
आणि एरिक ऑलमनने १९८० च्या दशकात सेंडमेल या मेल पोचवणाऱ्या प्रोग्रामसाठी लिहिलेल्या सिसलॉग या लॉगिंगच्या व्यवस्थेमध्ये बरोबर उलट. शून्य म्हणजे आग लागली, सात म्हणजे डीबग. दोन्हीकडे काम करणाऱ्याने आकड्यांवर विसंबू नये, नावं वापरावीत.

शंकासुर
एक भाबडा प्रश्न. ऑथेंटिकेशन आणि ऑथरायझेशन, दोन्हीला लोक 'ऑथ' म्हणतात. फरक काय?

सुईदोरा
पहिलं: तू कोण? दुसरं: तुला हे करायची मुभा आहे का? गोंधळ तुमचा एकट्याचा नाही. वेबवर सर्व्हर नकार देताना पाठवतो तो ४०१ हा कोड नावाने 'अनऑथराइज्ड' आहे आणि अर्थ 'तू कोण ते आधी सांग'. ओळख पटली पण मुभा नाही, तर ४०३.

रात्रपाळी
लॉगमध्ये हे दोन वेगळे दिसलेच पाहिजेत. ४०१ चा पूर आला तर बाहेरचा कुणीतरी दार ठोठावतोय. एकाच माणसाचे ४०३ वाढले तर तो आत आहे आणि दुसऱ्यांची कपाटं उघडून बघतोय. मला दुसऱ्याची जास्त धास्ती वाटते.

उंबरठा
दोन रात्री जागून प्रोग्राम नव्याने लिहिला. बदल सांगते.

आत_सोडू आता 'नाही'ने सुरू होतं. फाइल सापडली नाही तर दार बंद आणि लॉगमध्ये कोणती फाइल, कोणती एरर ते स्पष्ट (पतंग चिकटवता आला नाही). यादीत अर्गॉन२ चे हॅश. लॉगमधून पासवर्ड गेला. वापरकर्त्याला "असं कुणी नाही" आणि "पासवर्ड चुकला" असं वेगळं सांगत होते, ते एक केलं: "नाव किंवा पासवर्ड जुळत नाही". हे कुणी सांगितलं नव्हतं, सुईदोरा यांचं लिखाण वाचताना सुचलं. नाहीतर चोर आधी नावं तपासून घेईल आणि मग सावकाश पासवर्डकडे वळेल. खरं कारण लॉगमध्ये मात्र वेगवेगळं ठेवलंय. अनोळखी नावाच्या बाबतीत खोडकाकांचं ऐकलं. 'अनोळखी' एवढंच.

सुईदोरा
शेवटचं सोडून सगळ्याला शंभर गुण. ते एक करण्याचं स्वतः सुचलं हे विशेष. आता एक बारकं भोक राहिलं: नाव सापडलं नाही तर तुमचा प्रोग्राम हॅश न करताच लगेच उत्तर देत असणार. अर्गॉन२ सावकाश आहे. म्हणजे उत्तर झटकन आलं तर 'असं कुणी नाही', रेंगाळत आलं तर 'नाव आहे, पासवर्ड चुकला'. तोंडाने एकच सांगता, घड्याळ दोन सांगतं. नाव नसलं तरी एका खोट्या हॅशशी ताडून पाहा.

निनावी_वापरकर्ता
या बाईंपासून चार हात लांब राहावं.

शंकासुर
पाच वेळा चुकलं की खातं बंद करा ना, विषय संपला.

रात्रपाळी
मग मी तुमच्या नावाने रोज पाच वेळा मुद्दाम चुकेन. तुम्ही बसा बाहेर. खातं बंद करण्यापेक्षा प्रत्येक चुकीनंतर थांबण्याचा वेळ वाढवत न्या.

अर्धविराम
उंबरठा, जुन्या लॉगचं काय केलंत? पासवर्ड असलेला?

उंबरठा
डिलीट केला. आधी गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवतं त्यात) होता, तिथूनही काढला.

अर्धविराम
गिटमधून फाइल काढली की ती पुढच्या नोंदीत नसते. मागच्या नोंदीत जशीच्या तशी असते. त्याचं कामच ते आहे. त्यात तुमचा खरा वापरातला पासवर्ड होता?

उंबरठा
...चाचणीसाठी मेलचाच वापरला होता. लक्षात ठेवायला सोपा म्हणून.

सुईदोरा
आत्ता. या क्षणी. हा धागा सोडा आणि बदला.

उंबरठा
बदलला. नवीन पासवर्डने लॉगिन करून पाहताना घाईत तो नावाच्या चौकटीत टाइप झाला. एंटरही दाबलं.

शंकासुर
स्वागत आहे.

उंबरठा
पुन्हा बदलतेय.